देवीचा बोकड आणि माझं खोबरेल

“ह्याला खोबरेल कुणी चोपडलं?”

मामी कुंपणापलीकडून ओरडत होत्या. मामींचा आवाज असा, की त्या मखमलाबाद रस्त्याला ओरडल्या तर गंगेवर धुणं धुणाऱ्या बायका “आले गं” म्हणून उठायच्या. त्या सकाळी तर मी त्यांच्यापासून एका कुंपणाइतकाच लांब होतो, हातात खोबरेलाची रिकामी बाटली होती आणि कोपरापर्यंत माझे दोन्ही हात असे चकाकत होते की त्यांत बघून कुणी भांग पाडला असता.

“भाऊ, तुम्हाला विचारते मी. बोकडाला तेल कुणी लावलं?”

“कोंडा झाला होता त्याला,” मी म्हणालो.

“बोकडाला?”

“थंडी पडलीय ना मामी. माणसाला होतो, मग त्यानं काय पाप केलंय?”

मामींनी बोकडाकडे बघितलं. तो काळाभोर गडी कुंपणाला अंग घासत उभा होता आणि उन्हात एखाद्या मंत्र्याच्या मोटारीसारखा चमकत होता. तेवढ्यात घरातून आमची ही म्हणाली, “मामी, मी परवाच विचारलं बाटली कुठं गेली म्हणून. तर म्हणाले, केस गळतात, डॉक्टरांनी भरपूर तेल लावायला सांगितलंय.”

माझ्या डोक्यावर तेव्हाच इतके कमी केस उरले होते, की एकेकाला घरच्या नावानं हाक मारता आली असती. मामी माझ्या टकलाकडे बघत राहिल्या, मग बोकडाच्या पाठीकडे, आणि चुलीवर पाणी ठेवायला निघून गेल्या. बोकडाला आंघोळ घालायला. कारण त्या दिवशी दुपारी त्याला देवीपुढं कापायचं होतं.

सत्तरचं दशक तेव्हा उतरणीला लागलं होतं. आमची कॉलनी म्हणजे पंचवटी ओलांडून पुढं गेल्यावर शेतात मधेच उगवलेली पाच-पंधरा घरं. मी सरकारी कारकून. घरी आल्यावर मात्र मी जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायचो, आणि त्या काळात कॉलनीत दूरदर्शन नसल्यामुळं लोक ऐकायचेही. आमच्या मागच्या भिंतीला लागून मामांचा मळा होता. कोबी, मेथी, कोथिंबीर आणि कडेनं झेंडू. मामा पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी पाट्या बांधून गंगेवरच्या भाजीबाजारात जायचे. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो, तेवढा मोठेपणा आम्हाला परवडतो. मामा-मामी आमचे नात्याचे कुणी नव्हते, पण अख्खी कॉलनी त्यांना याच नावानं हाक मारायची.

आदल्या वर्षी मामांना कावीळ झाली. साधीसुधी नव्हे. मी सांगतो, ते झेंडूच्या वाफ्यात उभे राहिले तर तोडणाऱ्या बायकांनी त्यांना पाटीत टाकलं असतं. डॉक्टर झाले, झाडपाला झाला, गळ्यात काविळीची माळ झाली. मामा काही अंथरूण सोडेनात. तेव्हा मामी मळ्याच्या बांधावर गेल्या. तिथं लिंबाखाली शेंदूर लावलेली देवी होती. तिच्यापुढं पदर पसरून मामी म्हणाल्या, ह्यांना उठव, तुला बोकड देते.

मामा उठले. डॉक्टर म्हणाले औषधानं, माळवाला म्हणाला माळेनं. मामींनी बोली मात्र देवीशी केली होती. मामा हरसूलच्या बाजारातून एक करडू घेऊन आले. ते वर्षभर वाढवायचं आणि मग वाहायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी मामींनी सगळ्यांना बजावलं, “ह्याचं नाव ठेवायचं नाय. नाव ठेवलं की जीव लागतो.”

तर नाव ठेवलं नाही. जीव त्याशिवायच लागला. पहिल्यांदा मामांना. ते बाजारातून आले की कोबीची वरची पानं त्याच्यापुढं ठेवायचे आणि तो खात असताना त्याच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलायचे. दुसरा नंबर माझा. आता माझं असं, की मी मटणाचा एवढा भक्त होतो, की भद्रकालीतला खाटीक मला लांबून बघूनच सुरी पाजळायला घ्यायचा. पण एका रविवारी मी अंगणात पेपर वाचत असताना हे करडू कुंपणातून आत आलं, त्यानं आधी पेपर खाल्ला, मग माझ्या बंडीचा खिसा खाल्ला आणि मग पोट भरल्यावर माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून झोपलं. त्या क्षणी मी प्राणिमित्र झालो. अर्थात त्या एकाच प्राण्याचा. बाकीच्यांशी माझे संबंध रश्शापुरते होते ते तसेच राहिले.

मग मी काय केलं, तर गप्प बसायचं सोडून कॉलनीच्या कोपऱ्यावर जाहीर केलं, की हा बोकड मी वाचवणार. मुक्या प्राण्यांवर मी असं काही बोललो, की ऐकणाऱ्या एका मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कांदे घेऊन चालले होते ही गोष्ट वेगळी. तेच व्याख्यान मी मामींपुढंही दिलं. त्यांनी मेथी निवडत निवडत पूर्ण ऐकून घेतलं.

“झालं?” त्या म्हणाल्या.

“झालं.”

“मग मला एवढं सांगा. उद्या ह्यांचे डोळे परत पिवळे झाले, तर देवीला समजवायला तुम्ही येणार का?”

मी खाली बसून मेथी निवडू लागलो. मामींची भीती दाखवण्यापुरती नव्हती. रोज पहाटे मामा सायकलवर बसले की त्या कंदील त्यांच्या तोंडाजवळ नेऊन डोळे बघायच्या. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात, त्यामुळं बाई रोज पहाटे एकदा घाबरायची आणि उजाडल्यावर सावरायची. मामा म्हणायचे, “माझ्या बदल्यात त्याचा जीव, असा सौदा मी केला नव्हता बुवा.” त्यावर मामी म्हणायच्या, “मी केलाय.” विषय संपला.

आमच्याकडच्या रिवाजात एक फट होती, तिच्यात मी बोट घातलं. बोकड देवीपुढं उभा करतात आणि त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. बोकडानं अंग झाडलं, की देवीनं तो घेतला. तोवर सुरीला हात लावायचा नाही. नाहीच झाडलं तर थांबायचं, पुन्हा शिंपडायचं, आणि अगदीच नाही झाडलं तर देवीला मान्य नाही म्हणून परत न्यायचा. मी बदकं बघितली होती. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही, कारण पिसं तेलकट असतात. म्हणजे बोकडाला पुरेसं तेल लावलं, तर पाणी वरच्या वर ओघळेल, त्याला लागणारच नाही, आणि तो देवीपुढं एखाद्या साहेबासारखा निवांत उभा राहील. हा शोध मी हिला सांगितला. ही म्हणाली, “तुमच्या डोक्यावर रोज तेल असतं. आणि पाणी पडलं की तुम्ही कसे करता, ते मी रोज बघते.”

बायकांना विज्ञान कळत नाही असं मनात म्हणून मी कामाला लागलो होतो. मामी भाजी घेऊन दारोदार निघाल्या की मी कुंपणापाशी जायचो आणि बोकडाला चोळायचो. सख्ख्या मुलीचं डोकंही मी तेवढं कधी चोळलं नाही. बोकडाला ते इतकं आवडलं, की बाटलीचं झाकण वाजलं की तो येऊन आडवा पडायचा.

तर त्या दिवशी मामींनी त्याला ऊन पाणी आणि शिकेकाई लावून खसाखसा धुतलं. पण मुरलेलं तेल एका आंघोळीत जातंय होय? निम्मं गेलं, निम्मं राहिलं, आणि राहिलेल्यात शिकेकाईची पूड बसून त्याच्या अंगावर एक जाडसर लेप तयार झाला. बांधावर पोचेपर्यंत तो उन्हानं वाळला. वाळल्यावर तडकू लागला.

देवीपुढं पन्नास माणूस जमलं होतं. तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं, त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा, खसखशीचा मसाला पडला होता. वास असा, की मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आता तुम्ही विचाराल, बोकड वाचवायला निघालेला माणूस उपाशी का राहिला? तर त्याचं असं, की प्रयत्न माणसानं करावा, यश आपल्या हातात नसतं, आणि अपयश आलंच तर पोटात जागा असावी. माझा साडू तर येवल्याहून एसटीनं खास या जेवणासाठी आला होता. येताना घरच्यांसाठी रिकामा डबाही घेऊन आला होता.

हरसूलकडचा एक म्हातारा भगत होता. त्यानं तांब्या उचलला. अजून पाण्यात बोटंही घातली नव्हती, तोच बोकडानं शेंडीपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

“थांब रं,” भगत त्याला म्हणाला. “पाणी कुठं टाकलंय अजून?”

बोकडानं पुन्हा झाडलं. लेपाच्या खपल्या उडून पहिल्या रांगेतल्या लोकांच्या टोप्यांवर पडल्या. मग तो थांबेचना. अंगाला इतकी खाज सुटली होती, की त्या झाडण्यानं लिंबाच्या निंबोळ्या खाली आल्या, असं मी आजही सांगतो, आणि तेव्हा झाडाला निंबोळ्या नव्हत्या हे आमची ही आजही सांगते.

लोकांत वाद लागला. कुणी म्हणे, झाडलं ना, मग घ्या उरकून. कुणी म्हणे, पाण्याआधीचं झाडणं धरत नाहीत. मामा हळूच म्हणाले, “पाणी न टाकता झाडलं, ते कसं काय मोजायचं?” मामींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की देवीनं एकदाचं हो म्हणावं आणि मामा त्यांच्याकडं राहावेत. देवी मात्र हो म्हणतेय का नको, काही कळत नव्हतं.

भगत खाली बसला, बोकडाच्या मानेचा वास घेतला. “न्हाऊ कुणी घातलं ह्याला?”

“मी,” मामी म्हणाल्या.

“आन् तेल?”

पन्नास माना माझ्याकडं वळल्या. साडूची सगळ्यात आधी.

“मी,” मी म्हणालो. “कोंड्यासाठी.”

भगतानं देवीच्या दोन्ही खांद्यांना तांदळाचा एकेक दाणा चिकटवला आणि डोळे मिटून पुटपुटत बसला. असा कौल लावला आणि उजवा दाणा आधी पडला, की देवीनं हो म्हटलं. उजवा दाणा पडला. भगतानं डोळे उघडले.

“देवीनं घेतला,” तो म्हणाला. “पर उभा घेतला. तेल लावून न्हाऊ घातलेलं लेकरू कुणी कापतं व्हय? पाणी पडायच्या आधीच तिनं हात ठेवला त्याच्यावर. आता हा देवीचा. ह्याला सुरी नाय, ह्याला इकायचं नाय, ह्याला मारायचं नाय.”

“मग माझा नवस फिटला का?” मामींनी विचारलं.

“आत्ता कुठला. हे जनावर नीट जगलं, म्हातारं होऊन आपल्या मरणानं गेलं, की फिटला. हयगयीनं मेलं, तर नवस परत तुमच्या दारात.”

“आणि सांभाळायचा कुणी?” मामांनी विचारलं. मला आजही वाटतं, त्यांना ते उत्तर माहीत होतं.

भगतानं तांब्यातलं पाणी माझ्या अंगावर शिंपडलं. मी दचकून अंग झाडलं.

“ह्यानं,” भगत म्हणाला.

पातेल्यातल्या मसाल्यात शेवटी बटाटे पडले. साडू रिकामा डबा घेऊन येवल्याला परत गेला. त्यानंतर कित्येक वर्षं भेटला की आधी “बटाटे बरे आहेत ना?” असं विचारायचा.

कॉलनीत माझा जयजयकार झाला. मीही तो दोन दिवस अंगावर घेतला. तिसऱ्या दिवशी मामी सकाळी आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बोकडाचं पाणी बघितलं, खालची जागा कोरडी आहे का बघितलं, कान उलटून गोचीड बघितली आणि मला म्हणाल्या, “पाणी कालचं हाय.”

“मामी, पाण्याला काय होतं एका दिवसात?”

“तुम्ही पिता का कालचं?”

प्राणी वाचवणं म्हणजे एका दुपारचं काम आहे हो. पुढं तो रोज सकाळी उठतो, ही खरी अडचण. मी आयुष्यात साहेबांच्या तपासणीला कधी घाबरलो नाही, पण मामींच्या तपासणीसाठी मी ऑफिसला जायच्या आधी झाडू मारू लागलो. कारण मामींच्या दृष्टीनं आता सगळा हिशेब सरळ होता. मामांचा जीव माझ्या दावणीला बांधलेला होता. बोकड शिंकला-खोकला की मामी धावत मळ्यात जाऊन मामांच्या कपाळाला हात लावायच्या. मामा पंपापाशी असोत, नाहीतर झाडामागं आडोशाला असोत.

त्यात बोकड वयात आला. बोकड वयात येणं म्हणजे काय, हे ज्यानं सोसलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. तो स्वतःच्याच दाढीवर अत्तर शिंपडून घेतो, आणि ते अत्तर कुठलं, ते विचारू नका. वारा नाशिकरोडकडं वाहत असला, की भुसावळकडून येणारी गाडी स्टेशनात न थांबता थेट देवळालीला जाऊन उभी राहायची. आमच्याकडं पाहुणे येईनासे झाले. हिला यातला एवढा एकच भाग पसंत होता.

पशुवैद्य डॉक्टरांनी उपाय सुचवला, त्याला खच्ची करून टाका, वासही जाईल आणि स्वभावही निवळेल. मामी म्हणाल्या, “देवीच्या वस्तूला?” डॉक्टरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

“मग मोकळा तरी सोडू का?” मी विचारलं. “देवीचा म्हणून गावभर फिरेल, लोक नमस्कार करतील, चार घास घालतील.”

“देवीचा असला तरी कोबी माणसाचा हाय,” मामी म्हणाल्या. “बांधून फिरवा.”

म्हणून मी त्याला बांधून फिरवायला लागलो. ऐंशीच्या दशकात आमच्या बाजूला बंगले झाले आणि बंगल्यांत पांढरी पॉमेरियन कुत्री आली. संध्याकाळी ती मंडळी झुलपं उडवत कुत्री फिरवायची, आणि त्यांच्यामधून मी टेरिकॉटचा शर्ट घालून दाढीवाला बोकड घेऊन जायचो. कुत्री मला वाट द्यायची. त्यांचे मालक आधीच देऊन बसलेले असायचे. एक बाई नेहमी विचारायच्या, “हा कुठल्या जातीचा?” मी सांगायचो, “हरसूलचा.” त्यांना ते विलायती वाटायचं.

आणि माझं रविवारचं मटण गेलं. ही म्हणाली, “तो दारात बांधलेला असताना मी आत वाटण वाटणार नाही. मला त्याच्या तोंडाकडं बघवत नाही.” मी भद्रकालीत जाऊन चोरून खाऊन यायचो, चूळ भरायचो, पान खायचो. दारात आलो की बोकड पुढं यायचा, माझ्या तोंडाचा वास घ्यायचा आणि दोन पावलं मागं सरकून मला अशी धडक द्यायचा, की पान बाहेर. हळूहळू मीच खाणं सोडलं. लोक म्हणाले, मन बदललं. मन कुठलं, बरगड्या.

असं सगळं बरं चाललेलं असताना मीच घोळ घातला. कॉलनीत एका घरी लग्न होतं. दुसऱ्या दिवशी पाटीभर पुऱ्या, जिलेब्या आणि मसालेभात उरला. मला वाटलं, सगळं जग जेवलं, या बिचाऱ्याला कोण आमंत्रण देणार? मी त्याच्यापुढं पंगत मांडली. आग्रहही केला. तो काही नको म्हणत नव्हता.

सकाळी मामी आल्या आणि त्यांच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. बोकडाची डावी बाजू ढोलासारखी फुगली होती. तो पाय ताठ करून उभा होता, दात खात होता आणि मधूनच खोकत होता. डोळे माझ्यावर लावलेले. मामी काही ओरडल्या नाहीत. मामींचं न ओरडणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

“काय घातलं त्याला?”

मी सांगितलं. मसालेभातापर्यंत आलो तेव्हा त्या वळून मळ्याकडं चालू लागल्या होत्या. मामांना अंथरुणावर पडायला लावून, पायावर घोंगडी घालून त्या परत आल्या. मामा धडधाकट होते, पण ते पडून राहिले.

दवाखान्यात न्यायचं तर टांग्याच्या घोड्यानं वास घेतला आणि टांगा आपोआप उलटा वळला. रिक्षावाला तर “मीटर बंद आहे” म्हणाला, आणि मी अजून विचारलंही नव्हतं. शेवटी मामांच्या हातगाडीवर घालून मी आणि मामी निघालो. पंचवटीतल्या गल्ल्यांतून गाडी ढकलताना जो तो विचारायचा, “केवढ्याला पडला?” एकानं पोटाला हात लावून मला सांगितलं, “माल चांगलाय, पण वजन पाण्याचं आहे.” मामी त्याच्याकडं नुसतं बघत राहिल्या. तो माणूस पुढं मामींना टाळून दुसऱ्याच गल्लीतून जाऊ लागला असं ऐकलं.

“काय होतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“ह्यांना कावीळ झाली होती,” मामींनी सुरुवात केली, “तवा मी देवीला…”

“थांबा. पेशंट कोण?”

“दोघं,” मामी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोकडाच्या पोटावर बोट वाजवलं. मग मला विचारलं, “तुम्ही शिकलेले दिसता. हा रवंथ करणारा प्राणी आहे, हे माहीत आहे ना?”

“आहे.”

“मग जिलेबी?”

मी म्हणालो, “त्याला आवडते.”

“मलाही आवडते,” डॉक्टर म्हणाले. “मला डायबिटीस आहे.” त्यांनी त्याला नळीनं गोडं तेल पाजलं आणि सांगितलं, की पोट चोळत फिरवा, बसू देऊ नका, ढेकर आली तर वाचला.

आली तर. मामींनी तेवढाच शब्द ऐकला.

मी त्याला फिरवायला सुरुवात केली. दवाखान्याच्या आवारात फिरवला, मग रस्त्यावर, मग गंगेच्या काठानं. मी तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी एवढा चाललो, की सरळ रेषेत चाललो असतो तर कल्याणला पोचलो असतो. एका हातानं दोरी, एका हातानं पोट. मी त्याला ओव्या म्हटल्या, कॉलनीतली सगळी गुपितं सांगितली, बढतीचं आमिष दाखवलं. मामी दुसऱ्या बाजूनं चालत होत्या, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून. मध्येच त्या एवढंच म्हणाल्या, “मी त्या दिवशी भगताला पाणी शिंपडायलाच लावायला पाहिजे होतं.” मला पहिल्यांदाच माझ्या बढाईची लाज वाटली. माझ्या खोबरेलापायी ही बाई इतकी वर्षं एका जनावराच्या पोटाकडं बघून नवऱ्याची नाडी मोजत होती, आणि मी त्या पोटात मसालेभात कोंबला होता.

दुपार कलली. अहिल्यादेवींच्या वेळेपासून त्या घाटानं काय काय ऐकलं असेल, पण त्या दिवशी बोकडानं मान लांब केली, तोंड उघडलं आणि जी ढेकर दिली, ती घाटानं कधी ऐकली नव्हती. कबुतरं उठली. संकल्प सांगणारे एक गुरुजी मध्येच थांबले आणि यजमानाला म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून.” पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली, आणि ढोल खाली बसला. मामी घाटाच्या पायरीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, “चला. ह्यांना उठवायचंय.”

मामा सकाळपासून तसेच घोंगडी घेऊन पडले होते. भाकरीसुद्धा पडूनच खाल्ली होती.

त्यानंतर मी सरळ झालो. पाला, कडबा, मिठाचा खडा, वेळच्या वेळी खुरं छाटणं. लग्नाची पाटी दिसली की मी आणि बोकड दोघंही रस्ता बदलायचो. कुणी हौसेनं पिल्लू आणायला निघालं, की मी त्याला आमच्या अंगणात बोलवायचो आणि बोकडाशेजारी पाच मिनिटं उभा करायचो. निम्मे तिथूनच परत जायचे, आणि जे राहायचे त्यांची जनावरं नीट राहिली.

माझी मुलगी शाळेत असताना आलेला तो बोकड, ती सासरी गेल्यावर गेला. थंडीचे दिवस होते. भिंतीशी उन्हात बसून रवंथ करत होता. करता करता थांबला. मामी आल्या. पाणी त्या दिवशीचंच होतं. त्यांनी कान उलटून बघितले, खुरं बघितली, पोटावर हात फिरवला. “हयगय नाय,” एवढंच म्हणाल्या. आम्ही त्याला बांधावर, लिंबाखाली पुरलं. मग त्या सगळ्या हिवाळ्यात त्यांनी मामांना विहिरीकडं जाऊ दिलं नाही, सायकलवर बसू दिलं नाही, आणि रोज कंदील घेऊन डोळे बघितले. डोळे पांढरे राहिले. पुढची दिवाळी आली, गेली. मामी एक दिवस कंदील माळ्यावर ठेवून आल्या.

त्यानंतर कधीतरी मी मामांजवळ बांधावर बसलो होतो. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. मी म्हणालो, “मामा, इतकी वर्षं तुमचा जीव माझ्यासारख्याच्या हातात होता. तुम्हाला कधी भीती नाही वाटली?”

मामांनी एक जुडी बांधून पाटीत ठेवली आणि दुसरी घेतली.

“नाय,” ते म्हणाले. “तो खोकला, की मी माझा खोकला दाबून धरायचो, तेवढंच.”